दहा कोटी चौकोनांचे ओझे

सहा चौकोनी बाजूंचा एक साधा घन घ्या आणि त्याच्या प्रत्येक बाजूचे चार तुकडे करा. २४ चौकोन होतील. पुन्हा तेच केले की ९६ होतील. एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ साली मांडलेल्या पद्धतीत असे विभाजन करताना प्रत्येक बिंदू शेजारच्या बिंदूंच्या सरासरीकडे थोडा सरकवला जातो, त्यामुळे घन हळूहळू गोलसर होत जातो आणि शिल्पकाराला ब्रशने ओढायला, दाबायला, खरवडायला एक मऊ गोळा मिळतो. डिजिटल शिल्पकलेच्या सॉफ्टवेअरमधली ‘सबडिव्हाइड’ ही आज्ञा बहुधा हेच काम करते. ती दहाव्यांदा दिली की चौकोन ६२ लाख ९१ हजार ४५६ होतात, अकराव्यांदा अडीच कोटींच्या वर जातात आणि बाराव्यांदा दहा कोटी ओलांडतात. त्वचेवरची रंध्रे किंवा शेल्याची वीण कोरायची तर एवढे बारीक चौकोन लागतातच, कारण चौकोनापेक्षा लहान खळगा त्या पृष्ठभागावर उमटूच शकत नाही.

या चौकोनांना संगणकाच्या मेमरीत किती जागा लागते, याचा हिशेब एक कोटी चौकोनांच्या जाळीवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या चौकोनांच्या पृष्ठभागावर, मांडून पाहू. अशा बंद जाळीत शिरोबिंदूही, म्हणजे चौकोनांचे कोपरेही, साधारण एक कोटीच असतात. प्रत्येक बिंदूचे स्थान सांगायला तीन संख्या, म्हणजे १२ बाइट लागतात. प्रत्येक चौकोन कोणत्या चार बिंदूंनी बनला आहे, ही नोंद १६ बाइट घेते. प्रकाश कसा पडेल हे ठरवण्यासाठी पृष्ठभागाची दिशा ठेवावी लागते, तिला आणखी १२ बाइट. शिवाय रंगाला चार आणि ब्रशपासून झाकून ठेवलेल्या भागाच्या, म्हणजे मास्कच्या, नोंदीला चार. एकूण ४८ बाइट, म्हणजे एक कोटीला सुमारे ४८० एमबी. आधीच्या पायऱ्यांवरच्या जाड जाळ्याही जपल्या, तर त्या सगळ्या मिळून यात फक्त एक तृतीयांशाची भर घालतात, कारण प्रत्येक खालची पायरी वरच्या पायरीच्या पाव असते.

खरा भार पडतो तो ‘अनडू’चा, म्हणजे केलेले काम मागे घेण्याच्या सोयीचा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मुळात ३२ पावले मागे जाता येते. प्रत्येक पावलाला सगळ्या बिंदूंची स्थाने जशीच्या तशी साठवली, तर १२० एमबी गुणिले ३२, म्हणजे केवळ मागे जाण्याच्या सोयीसाठी जवळजवळ ३.८ जीबी खर्ची पडतील.

हा आकडा काही वर्षांपूर्वी जीवघेणा होता. ३२ बिटांच्या प्रोग्रॅमला मेमरीतले ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ बाइटच ओळखता येतात, म्हणजे ४ जीबी. आणि ३२ बिटांच्या विंडोजमध्ये त्यातला अर्धाच भाग प्रोग्रॅमच्या वाट्याला येत असे. संगणकात १६ जीबी रॅम बसवली तरी शिल्पकाराचा प्रोग्रॅम त्या भिंतीपलीकडे पाहू शकत नव्हता. सबडिव्हाइड करताना जुनी जाळी आणि चौपट मोठी नवी जाळी काही क्षण एकाच वेळी मेमरीत असावी लागतात, म्हणून नेमके त्याच वेळी काम कोसळण्याची भीती सर्वाधिक असे. या क्षेत्रात सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या झेडब्रश या सॉफ्टवेअरची ६४ बिटांची चाचणी आवृत्ती २०१५ साली आली आणि २०१७च्या आवृत्तीत हे स्थित्यंतर पूर्ण झाले. भिंत गेली. पण रॅम भरपूर असूनही ब्रश अडखळतो, हा अनुभव मात्र राहिला, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा भाग तिथूनच सुरू होतो.

हाताला ब्रश सलग फिरतो आहे असे वाटायचे, तर पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलावे लागते, म्हणजे प्रत्येक चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. आपली ४८० एमबीची जाळी दर वेळी नुसती वाचायची म्हटले, तरी सेकंदाला २८.८ जीबी माहिती रॅममधून प्रोसेसरकडे न्यावी लागेल. दोन चॅनेलच्या डीडीआर४-३२०० रॅमची कागदावरची कमाल वहनक्षमता सेकंदाला ५१.२ जीबी आहे. म्हणजे कोणतेही गणित करण्याआधीच निम्म्याहून अधिक रस्ता अडला. इथे रॅम आणखी वाढवून काहीच साधत नाही, कारण अडचण कोठाराच्या आकाराची नसून कोठारापासून कामाच्या ओट्यापर्यंतच्या वाटेची आहे.

म्हणून चांगले सॉफ्टवेअर सगळी जाळी वाचायला जातच नाही. ब्लेंडर शिल्पकाम सुरू होताना जाळीचे काही हजार चौकोनांचे गट पाडतो, प्रत्येक गटाभोवती एक काल्पनिक पेटी आखतो आणि या पेट्या मोठ्या पेट्यांत घालत झाडासारखी रचना उभी करतो. ब्रश टेकला की वरच्या पेटीपासून सुरुवात करून ज्या पेट्या ब्रशच्या गोलात येत नाहीत, त्या आतल्या लाखो चौकोनांसह एका फटक्यात वगळल्या जातात. उरलेल्या मोजक्या गटांतलेच बिंदू हलतात, तेवढ्याच भागाची माहिती ग्राफिक्स कार्डकडे नव्याने पाठवली जाते आणि अनडूसाठीही तेवढाच भाग साठवला जातो. त्याच मूर्तीवर लहान ब्रश लोण्यासारखा चालतो आणि मोठा ब्रश अडकतो, याचे कारण हेच: ब्रशची त्रिज्या दुप्पट केली की त्याखाली येणारे बिंदू चौपट होतात.

प्रोसेसर रॅममधून एकेक बिंदू उचलत नाही, एका वेळी ६४ बाइटचा घास घेतो, आणि त्यात पाच बिंदूंची स्थाने मावतात. पृष्ठभागावरचे शेजारी मेमरीतही शेजारी असले तर एका फेरीत पाच बिंदू हाती लागतात. विखुरलेले असले तर पाच फेऱ्या होतात. अशी प्रत्येक फेरी सुमारे १०० नॅनोसेकंदांची असते, तर प्रोसेसरजवळच्या कॅशमधून तीच माहिती एखाद्या नॅनोसेकंदात मिळते. रॅम पुरली नाही आणि माहिती डिस्कवर ढकलली गेली, की हा वेळ रॅमच्याही शेकडो पटींनी वाढतो.

झेडब्रशने १९९९ साली जगापुढे येतानाच एक निराळी वाट धरली होती. त्याच्या कॅनव्हासवरचा प्रत्येक ठिपका रंगाबरोबर खोली, दिशा आणि मटेरियलही लक्षात ठेवतो. त्याला ‘पिक्सॉल’ म्हणतात. चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डावर न टाकता प्रोसेसरच करतो. म्हणूनच महागडे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकावरही कोट्यवधी चौकोन हाताळता येतात, ही मला आजही थक्क करणारी गोष्ट वाटते.

जाळीऐवजी अवकाशाचेच लहान घन पाडण्याची, म्हणजे व्हॉक्सेलची, पद्धतही आहे. तिच्यात बारकावा दुप्पट केला की मेमरी आठपट लागते. हजार गुणिले हजार गुणिले हजार घनांना प्रत्येकी चार बाइट धरले तरी ४ जीबी झाले. त्यामुळे ड्रीमवर्क्स या अॅनिमेशन स्टुडिओतून आलेल्या आणि २०१२ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या ओपनव्हीडीबीसारख्या रचना पृष्ठभागालगतचेच घन साठवतात.

शिल्पकारानेही आपल्या कामाची रीत याला जुळवून घ्यायला हवी. देहाची ठेवण आणि प्रमाण खालच्या पायऱ्यांवरच पक्के करावे, मुकुट, शेला, हात असे भाग वेगवेगळ्या सबटूलमध्ये, म्हणजे मूर्तीच्या स्वतंत्र तुकड्यांत, ठेवावेत आणि ज्यावर काम चालू नाही ते दृष्टीआड करावेत. शाडूच्या मूर्तीतही डोळ्यांची आखणी शेवटी होते.

किती चौकोन पुरेत, हे मूर्ती कुठे जाणार यावरून ठरते. समजा, सुमारे ६०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाची एक मूर्ती थ्रीडी प्रिंट करायची आहे. ०.१ मिलिमीटरचे चौकोन धरले तर ६० लाख लागतील, ०.०५ मिलिमीटरचे धरले तर दोन कोटी ४० लाख. प्रिंटरला द्यायच्या एसटीएल फाइलमध्ये प्रत्येक चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि प्रत्येक त्रिकोण ५० बाइट घेतो, त्यामुळे पहिली फाइल ६०० एमबीची होईल आणि दुसरी २.४ जीबीची. फाइल काढण्याआधी डेसिमेशन केले, म्हणजे गरज नसलेले त्रिकोण कमी केले, तर पाठीच्या सपाट भागावरचे हजारो त्रिकोण काही मोजक्या मोठ्या त्रिकोणांत मिसळतात आणि बोटांच्या पेरांवरचे बारीक त्रिकोण जागेवर राहतात.