‘फाशीवाला न्यायाधीश’ पार्कर: थोडा खुलासा

आयझॅक पार्कर म्हटलं की ऐकायला मिळतं ते असं: अमेरिकेत आर्कान्सा राज्यातल्या फोर्ट स्मिथचा हा न्यायाधीश माणसं लटकवण्यासाठी हपापलेला होता. दिसेल त्याला फाशी!

आकडे बघा. 1875 ते 1896 या 21 वर्षांत त्याच्यापुढे 13 हजारांवर खटले आले. फाशीची शिक्षा 160 जणांना झाली, प्रत्यक्षात फासावर गेले 79. त्यात एकही बाई नव्हती. आकडा लहान नाही, मान्य. पण खून आणि बलात्काराला तेव्हाच्या केंद्रीय कायद्यात फाशी ही एकच शिक्षा होती. ज्यूरीनं दोषी ठरवलं की न्यायाधीशाच्या हातात दुसरं काही उरतच नसे.

मग ही ख्याती आली कुठून? 3 सप्टेंबर 1875 मुळे. त्या दिवशी एकाच चौथऱ्यावर सहा जणांना एकदम फाशी दिली गेली. पार्करला तिथे रुजू होऊन जेमतेम चार महिने झाले होते. त्याआधी तो मिसुरीत वकील, न्यायाधीश आणि दोनदा काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, सदस्य होता, हे मात्र कुणी सांगत नाही.

तो अगदी निर्दोष होता असंही नाही. ज्यूरीला सूचना देताना त्याचा कल लपत नसे. 1889 नंतर अपिलाची सोय झाली आणि सुप्रीम कोर्टानं त्याचे बरेच निकाल फिरवले. आणि 1896 मध्ये, मरणाच्या थोडं आधी, हाच माणूस म्हणाला: गुन्हेगाराला शिक्षा होणारच अशी खात्री असेल, तर फाशी रद्द करायला माझी हरकत नाही.