‘रिझ’: शब्दाच्या पोटातून निघालेला शब्द

‘रिझ’ हा नवा इंग्रजी शब्द कानावर पडला की मराठी माणसाला ‘रिझवणे’ आठवणारच. अर्थही शेजारचा: समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी. पण या दोघांचं नातं नाही. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचंही तसंच, आवाज जुळतो, अर्थ जुळतो, मूळ मात्र वेगळं. नुसत्या साम्यावरून व्युत्पत्ती लावायचा मोह म्हणूनच टाळावा.

‘रिझ’ लोकप्रिय केला तो ‘काय सेनाट’ (Kai Cenat) या तरुण अमेरिकी स्ट्रीमरने, म्हणजे इंटरनेटवर थेट व्हिडिओ प्रक्षेपण करणाऱ्याने. जून २०२३मध्ये ‘माझ्यात रिझ अजिबात नाही’ असं अभिनेता टॉम हॉलंड एका मुलाखतीत म्हणाला आणि वापर एकदम वाढला. त्याच डिसेंबरात ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो ‘वर्षाचा शब्द’ ठरवला.

ऑक्सफर्डच्या कोशकारांच्या मते हा ‘करिझ्मा’चा तुकडा आहे, आणि तो कुठून तोडलाय ते पाहण्यासारखं आहे. इंग्रजीत शब्द आखडताना सहसा सुरुवात ठेवतात, शेपूट टाकतात: ‘लॅबोरेटरी’ची ‘लॅब’, ‘एक्झामिनेशन’ची ‘एक्झाम’. इथे दोन्ही टोकं गेली, मधला भाग राहिला. असं क्वचितच होतं. ‘रेफ्रिजरेटर’चा ‘फ्रिज’ आणि ‘इन्फ्लुएन्झा’चा ‘फ्लू’ ही त्यातली ओळखीची उदाहरणं. ‘करिझ्मा’ म्हणताना इंग्रजीत जोर ‘रिझ’वरच पडतो. कानात ठसलेला भाग तेवढा उरला, असं मला वाटतं.

मूळ ग्रीक शब्द फार गंभीर होता. ‘खारिस’ म्हणजे कृपा, ‘खारिस्मा’ म्हणजे कृपेने लाभलेलं दान. पहिल्या शतकात संत पॉलच्या पत्रांत तो येतो तो रोग बरे करणं, भविष्यवाणी करणं अशा ईश्वरदत्त देणग्यांसाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी तो नेतृत्वाला लावला. सत्ता परंपरेतून येते, कायद्यातून येते, तशी व्यक्तीच्या विलक्षणपणातूनही येते, हे त्यांचं म्हणणं. त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा असा, की हे तेज अनुयायी मानतात तोवरच टिकतं.

‘रिझ’ने तर देवही वगळला आणि नेताही. आता तो क्रियापदासारखाही चालतो: एखाद्याला ‘रिझ अप’ करणं, म्हणजे बोलून-वागून आपल्याकडे ओढणं. वरून मिळणारं दान आता स्वतः करायची गोष्ट झालं आहे.