‘इर्मा जॅक्सन’ : सिंगल न झालेल्या गाण्याची पार्श्वभूमी

अमेरिकी कंट्री गायक मर्ल हॅगार्डचे ‘इर्मा जॅक्सन’ हे गाणे १९७२ च्या ‘लेट मी टेल यू अबाउट अ साँग’ या एलपीवर (अनेक गाण्यांच्या मोठ्या तबकडीवर) आले. त्याच एलपीतली ‘डॅडी फ्रँक’ आणि ‘ग्रँडमा हार्प’ सिंगल म्हणून, म्हणजे छोट्या तबकडीवर सुटी निघून, कंट्री संगीताच्या लोकप्रियता-यादीत पहिली आली. ‘इर्मा जॅक्सन’ मात्र हॅगार्डला त्या दोन्हींच्या आधी, १९६९ च्या ‘ओकी फ्रॉम मस्कोगी’च्या पाठोपाठ काढायचे होते.

हिप्पींविरुद्धच्या ‘ओकी’ने त्याच्यावर एका राजकीय बाजूचा, परंपरावाद्यांचा, शिक्का बसला होता. ‘इर्मा जॅक्सन’मध्ये गोरा मुलगा आणि काळी मुलगी आहेत. लहानपणची त्यांची मैत्री कोणाला खुपत नाही, मोठेपणीचे प्रेम खुपते, आणि दूर जायचे शेवटी तीच ठरवते. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवर्णीय विवाहावरची बंदी मोडली, तेव्हा ती १६ राज्यांत लागू होती. मस्कोगी ज्या ओक्लाहोमात आहे, ते त्यांतलेच एक.

रेकॉर्ड कंपनीतल्या निर्मात्याने गाणे अडवले. त्याऐवजी देशावर टीका करणाऱ्यांना दटावणारे ‘द फायटिन साइड ऑफ मी’ निघाले आणि तेही पहिले आले. धंद्याच्या हिशेबात निर्णय चुकला नाही; गायकाचे मात्र त्यात नुकसान झाले, कारण शिक्का आणखी गडद झाला.

या प्रकाराला सर्रास ‘बंदी’ म्हटले जाते. तो शब्द इथे बसत नाही. १९७० मध्येच दुसऱ्या एका गायकाने हे गाणे सिंगल म्हणून काढले आणि यादीत खाली का होईना, त्याला जागा मिळाली. हॅगार्डच्या आवाजाला नाकारली गेली ती ७ इंची, मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी. पण त्या काळी सगळा खेळ तिच्यावरच होता. ज्यूकबॉक्समध्ये (नाणे टाकून गाणे वाजवण्याच्या यंत्रात) तीच बसे, रेडिओवाले मुख्यतः तीच वाजवत आणि सिंगलच्या यादीतली जागाही तिच्यावरच ठरे. १२ इंची, ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीत राहिलेले गाणे बहुधा एलपी विकत घेणाऱ्याच्याच घरी वाजे. त्यामुळे ‘नुसता उशीर झाला’ हे म्हणणेही तितकेच अपुरे आहे. १९७० मध्ये रेडिओवर आले असते तर ‘ओकी’ ऐकणाऱ्या त्याच कानांवर ते पडले असते.

१९७२ च्या एलपीत हॅगार्ड गाण्यांआधी चार शब्द बोलतो. त्या मांडणीत हे गाणे शोभते, पण तिथे त्याला ऐकणारे आधीच त्याचे होते. आज ऑनलाइन ऐकताना सिंगल आणि एलपी हा भेद उरलेला नाही. तरी हिट गाण्यांच्या संकलनांत ते सहसा मिळत नाही. एलपीच्या नावाने शोधावे.