घरात रेंज नाही? बूस्टर घेण्याआधी हे वाचा

"गच्चीवर गेलं की फोन लागतो, घरात आलं की तुटतो." ही तक्रार आमच्याकडे सगळ्यात जास्त येते ती एप्रिल-मे महिन्यांत. टॉवर तोच असतो, सिमही तेच असतं. बदललेली असते ती खिडकी.

सळ्यांचा स्लॅब आणि भिंती यांतून सिग्नल कमीच शिरतो. फ्लॅटमध्ये तो मुख्यतः खिडकीतून येतो. त्याच खिडकीत आपण उन्हाळाभर पत्र्याचा कुलर बसवतो. रेडिओलहरी पत्र्यावर आपटून मागे फिरतात, आणि वाळ्याच्या ओल्या ताट्यांतलं पाणीही थोडाफार सिग्नल शोषून घेतं. उन्हासाठी काचेला चकाकणारी सनफिल्म लावली असेल, तर तिच्यातल्या धातूच्या पातळ थराने उरलीसुरली वाटही बंद होते. म्हणून आधी कुलर दुसऱ्या खिडकीत सरकवता येतो का ते पाहा. नवा घेणार असाल तर फायबर बॉडीचा बरा. फिल्म घ्यायची तर धातूचा थर नसलेली मागा. हिरवी जाळी मात्र खुशाल लावा, प्लास्टिकने सिग्नल अडत नाही.

खरं कारण कोणतं हे दांड्या मोजून कळत नाही, कारण प्रत्येक कंपनीचा फोन दांड्या आपल्या हिशेबाने दाखवतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या 'फोनबद्दल' या भागात सिम स्टेटस उघडा. तिथे डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजायच्या मापात, आकडा दिसतो. 4जीवर उणे 85 च्या आसपास असेल तर उत्तम. उणे 110 च्या पुढे गेलं की आवाज तुटायला लागतो. 10 चा फरक म्हणजे सिग्नलची शक्ती दहापट कमी, हे लक्षात ठेवा. खिडकीशी, खोलीच्या मधोमध आणि स्वयंपाकघरात थोडं थांबून आकडा लिहून घ्या. खिडकीशीच उणे 115 असेल तर दोष घराचा नाही. कंपनीकडे तक्रार नोंदवा. घरात 5जी लटपटत असेल तर फोन 4जीवर ठेवून पाहा. 5जीचा 3,300 मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा भिंतीपाशी लवकर दमतो. 4जीचे 850-900 मेगाहर्ट्झचे पट्टे आत जास्त खोल शिरतात.

आता बूस्टर, म्हणजे गच्चीवरच्या अँटेनाने टॉवरचा सिग्नल घेऊन घरातल्या अँटेनातून वाढवून देणारं यंत्र. आम्ही तो विकत नाही आणि बसवतही नाही. परवान्याशिवाय असं यंत्र बाळगणं 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हा आहे, 2023 च्या दूरसंचार कायद्यातही आहे. शिवाय नुकसान शेजाऱ्यांचं होतं. गच्चीवरचा अँटेना आणि घरातला अँटेना एकमेकांचं ऐकू लागले की यंत्र स्वतःचाच गोंगाट टॉवरकडे फेकतं आणि आसपासच्या सगळ्यांचे कॉल तुटतात. ऑनलाइन सहज मिळतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाही.

बहुतेक घरांना पुरतो तो उपाय म्हणजे वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून कॉल. जिओ आणि एअरटेलवर ते आहे, वेगळं ॲप लागत नाही, नंबर तोच राहतो. फोनच्या सिम सेटिंगमध्ये चालू करा. मात्र वाय-फाय त्या खोलीत खणखणीत हवं. नागपुरात महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींपुढे एक राउटर पुरत नाही. तिथे आम्ही कॅट-6 ही नेटवर्कची केबल ओढून आतल्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा डबा, लावतो. वाय-फाय झेलून पुढे पाठवणारा स्वस्त रिपीटर टाळा, कारण कमकुवत जागी ठेवला तर तो कमकुवतच सिग्नल पुढे पाठवतो. आणि राउटरला छोटा यूपीएस लावाच. वादळी पावसात लाइट गेली की वाय-फायसोबत फोनही जातो.

सीताबर्डीसारख्या बाजारात तळघरातलं दुकान असेल तर आणखी एक अडचण. यूपीआयच्या साउंडबॉक्समध्ये स्वतःचं सिम असतं, त्याला वाय-फाय कॉलिंगचा उपयोग नाही. तो जिन्याकडच्या काउंटरवर ठेवा किंवा वाय-फायवर चालणारा मागा. गिऱ्हाइकाच्या फोनलाही नेट लागतं, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं गेस्ट वाय-फाय ठेवा. बिलिंगचं नेटवर्क त्यापासून अलग राहू द्या.

रुग्णालय, मंगल कार्यालय किंवा मोठं संकुल असेल तर मालकाने किंवा सोसायटीने मोबाइल कंपनीलाच लेखी अर्ज करावा. इमारतीच्या आत अँटेनांचं जाळं कंपनी स्वतः बसवू शकते. अर्जासोबत मजल्यागणिक डीबीएमचे आकडे जोडा. ते मोजून द्यायचं काम आम्ही करतो.

आम्हाला बोलवताना एवढं सांगा: सिम कोणत्या कंपनीचं, कोणत्या खोलीत अडतं, खिडकीत कुलर पत्र्याचा की फायबरचा, आणि राउटर कुठे ठेवला आहे.