कुराणातले गर्भवर्णन आणि भ्रूणशास्त्र : एका वादाची पार्श्वभूमी

कुराणात सांगितलेले गर्भाच्या वाढीचे टप्पे आधुनिक भ्रूणशास्त्राशी तंतोतंत जुळतात, हा दावा व्याख्यानांतून, पुस्तिकांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींतून सतत कानावर येतो. ऐकताना तो फार जुना वाटतो. पण आज ज्या शब्दांत आणि ज्या चित्रांसह तो मांडला जातो, ते सगळे साधारण १९७६ ते १९८६ या दहा वर्षांत घडले आणि मुख्यतः सौदी अरेबियात घडले. वादाचे मर्म याच दशकात आहे.

ज्या आयतींवर, म्हणजे कुराणातल्या वचनांवर, भर दिला जातो त्या थोड्याच आहेत. तेविसाव्या सूरेतल्या, म्हणजे अध्यायातल्या, बाराव्या ते चौदाव्या आयतींत क्रम येतो तो असा : मातीचे सत्त्व, मग सुरक्षित जागी ठेवलेला थेंब म्हणजे नुत्फा, त्यापासून अलका (या शब्दाच्या अर्थाकडे पुढे येऊ), अलकापासून मुद्गा म्हणजे चावलेल्या घासासारखा गोळा, त्यातून हाडे, हाडांवर मांसाचे आवरण आणि शेवटी ‘वेगळीच निर्मिती’. बाविसाव्या सूरेत हाच क्रम थोडक्यात येतो आणि तिथे त्याचा हेतूही उघड आहे : मेल्यानंतर पुन्हा उठवले जाण्याविषयी शंका असेल, तर आधी तुम्हाला कशापासून घडवले ते पाहा. जुन्या भाष्यकारांनी या आयती प्रामुख्याने निर्मात्याच्या सामर्थ्याची खूण म्हणूनच वाचल्या.

गर्भाचे टप्पे पाडण्याची रीत सातव्या शतकात नवी नव्हती. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रंथात वीस अंडी कोंबडीखाली उबवायला ठेवून रोज एक फोडून पाहा, असे सांगितले आहे. दुसऱ्या शतकातल्या गॅलन या ग्रीक वैद्याने चार टप्पे केले होते, त्यांतला पहिला वीर्यरूप आणि दुसरा रक्ताने भरलेला. हाडांवर आणि हाडांभोवती मांस धरते, असेही त्याने लिहिले. त्याच्या ग्रंथांची सिरियाक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेत भाषांतरे प्रेषित मुहंमदांच्या जन्माआधी झालेली होती. आपल्याकडे गर्भोपनिषदात एका रात्रीत कलल, सात रात्रींत बुद्बुद, पंधरवड्यात पिंड असा हिशोब आहे आणि त्यावरूनही ‘ऋषींना सगळे ठाऊक होते’ असे लेख मराठीत नेमाने येतात. गर्भपातात पडलेला गर्भ आणि कापलेल्या जनावराच्या पोटातले पिल्लू माणसे सगळीकडेच पाहत होती, हे अशा वेळी विसरले जाते.

चौदाव्या शतकातले एक उदाहरण इथे महत्त्वाचे आहे. दमास्कसच्या एका मोठ्या धर्मपंडिताने हिपोक्रेटिसची विधाने, आयती, हदीस म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या नोंदी, आणि भाष्ये एकापाठोपाठ ठेवून गर्भाविषयी सलग विवेचन केले. त्याच्या काळचे वैद्यक ग्रीक होते आणि धर्मग्रंथाशी ते सहज जुळते असे त्याला दिसले. कुराणात प्रत्येक शास्त्र शोधू नका, असा इशाराही त्याच शतकात अंदलुसच्या, म्हणजे मुस्लिम सत्तेखालच्या स्पेनमधल्या, एका विद्वानाने दिला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इजिप्तमध्ये विज्ञानाच्या आधारे मोठाली भाष्ये लिहिली गेली, तेव्हा हा आक्षेप पुन्हा पुढे आला.

१९७६ मध्ये एका फ्रेंच डॉक्टरचे पुस्तक आले. बायबल आणि कुराण दोन्ही विज्ञानाच्या कसोटीवर लावून, कुराणात एकही चूक सापडत नाही, असा निष्कर्ष त्याने काढला होता. मुस्लिम देशांत त्याचा प्रचंड प्रसार झाला. पण हा डॉक्टर भ्रूणशास्त्राचा अभ्यासक नव्हता. ती उणीव भरून काढण्याचे काम जेद्दाहमधल्या एका विद्यापीठाने केले. तिथल्या भ्रूणशास्त्र समितीने टोरांटोतल्या शरीररचनाशास्त्राच्या एका प्राध्यापकाची मदत घेतली. त्यांचे मानवी गर्भविकासावरचे पाठ्यपुस्तक जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत लागलेले होते. समितीने आयती आणि हदीस अनुवादासह पुढे ठेवायचे आणि प्राध्यापकांनी त्यांचा वैज्ञानिक अर्थ सांगायचा, असे काम चालले. १९८१ मध्ये दम्मामच्या वैद्यकीय परिषदेत त्यांनी या जुळणीबद्दल जाहीर आश्चर्य व्यक्त केले.

यानंतर १९८३ मध्ये जो निर्णय झाला, तो माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत वादग्रस्त आहे. त्याच पाठ्यपुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीची एक खास आवृत्ती जेद्दाहच्या प्रकाशकाने काढली, ‘इस्लामी पुरवण्यांसह’. मूळ प्रकरणे तशीच होती. त्यांच्या जोडीला एका येमेनी धर्मोपदेशकाने लिहिलेली, आयती-हदीस आणि त्यांचा गर्भविकासाशी मेळ सांगणारी पाने घातलेली होती. प्राध्यापकांची प्रस्तावना होती. युरोप-अमेरिकेत विद्यार्थी जी आवृत्ती वापरत, तिच्यात ही पाने नव्हती. पुढे नेहमीच्या आवृत्त्यांमध्ये कुराणाचा उल्लेख येतो, पण तो पहिल्या प्रकरणातल्या इतिहासाच्या भागात, मध्ययुगाबद्दलच्या मोजक्या ओळींत.

एकाच पुस्तकाची ही दोन रूपे नीट लक्षात घ्यायला हवीत. प्रचारात नेहमी म्हटले जाते की जगन्मान्य पाठ्यपुस्तकाने कुराणाला दुजोरा दिला. पाठ्यपुस्तकाला मान मिळतो तो आतला मजकूर त्या विषयाचे जाणकार तपासतात, चुकीचे ठरले ते पुढच्या आवृत्तीत वगळतात म्हणून. पुरवणीची पाने या तपासणीतून गेलेली नव्हती. तरी ती त्याच मुखपृष्ठाखाली बांधली गेली आणि पुस्तकाची पत त्यांना आपोआप मिळाली. प्राध्यापकांच्या प्रामाणिकपणावर मला शंका घ्यायची नाही. त्यांना खरोखर नवल वाटले असेल. पण नवल वाटणे ही एका माणसाची प्रतिक्रिया आहे आणि विज्ञानाचा निर्वाळा म्हणून ती विद्यार्थ्यांच्या हाती द्यायला नको होती.

पुरवणीचा सगळा डोलारा उभा राहतो तो ‘अलका’ या शब्दावर, म्हणून तिथे थोडे थांबावे लागते. अरबीतला हा धातू लटकणे, चिकटणे या अर्थाचा. कोशांत अलकाचे अर्थ मिळतात ते चिकटलेली वस्तू, गोठलेले रक्त आणि जळू. जुन्या भाष्यकारांनी बहुतेक ठिकाणी गोठलेले रक्त हाच अर्थ घेतला आणि १९३० च्या दशकातल्या गाजलेल्या इंग्रजी अनुवादांतही रक्ताची गुठळीच आहे. अडचण अशी की मानवी भ्रूण कुठल्याही टप्प्यावर रक्ताची गुठळी नसतो. मग जळू पुढे आली. १९८६ मध्ये प्राध्यापकांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला, त्यात जळूचे रेखाचित्र आणि चोविसाव्या दिवसाच्या भ्रूणाचे रेखाचित्र शेजारी शेजारी आहेत. मुद्ग्यासाठी प्लॅस्टिसिनचा, दातांचे वळ उठल्यासारखा गोळा आहे आणि बाजूला अठ्ठाविसाव्या दिवसाचा भ्रूण, पाठीवर मण्यांसारख्या कायखंडांची, म्हणजे ज्यांतून पुढे मणके आणि स्नायू घडतात त्या उंचवट्यांची, रांग असलेला.

चित्रे पाहिली की साम्य दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या वेळी भ्रूण जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा असतो आणि कुठला दिवस निवडला, कुठल्या बाजूने पाहिले, यावर ते साम्य ठरते. शिवाय समर्थकांच्या मांडणीत तिन्ही अर्थ एकाच वेळी बरोबर ठरतात : गर्भाशयाला चिकटतो म्हणून चिकटलेला, आकाराने जळू, आणि आत रक्त साठलेले म्हणून गुठळीसारखा. जो शब्द कसाही घेतला तरी बरोबरच येतो, त्याची परीक्षा घेता येत नाही. गोठलेले रक्त म्हणणारे जुने भाष्यकार काही अरबीत कच्चे नव्हते. त्यांच्यापुढे चोविसाव्या दिवसाचे चित्र नव्हते, एवढाच फरक.

हाडे आधी आणि मांस नंतर, या क्रमावरचा आक्षेप जास्त थेट आहे. हाडांआधी येणारे कूर्चेचे, म्हणजे मऊ लवचिक ऊतीचे, साचे आणि स्नायूंच्या पेशी साधारण एकाच काळात घडतात आणि बहुतेक हाडे कठीण होऊ लागतात तेव्हा स्नायू आकाराला आलेले असतात. यावर कूर्चेलाच हाड म्हटले आहे, असे उत्तर दिले जाते. कुराणात एके ठिकाणी थेंबाला ‘मिश्र’ म्हटले आहे, म्हणजे आईवडील दोघांचे बीज अभिप्रेत आहे, ही समर्थकांची बाजू त्यामानाने बळकट आहे, कारण अपत्यात आईचे बीज असते हे ॲरिस्टॉटल मानत नव्हता. गॅलन मात्र मानत होता.

१९८४ मध्ये मक्केत कुराण आणि सुन्नत (प्रेषितांच्या आचार-वचनांची परंपरा) यांतल्या वैज्ञानिक चमत्कारांसाठी स्वतंत्र आयोग स्थापन झाला. पाश्चात्त्य वैज्ञानिकांना परिषदांना बोलवायचे, आयती दाखवायच्या, प्रतिक्रिया चित्रित करायची, ही पद्धत त्याने रुळवली. जानेवारी २००२ मध्ये एका मोठ्या अमेरिकी वृत्तपत्राने यावर सविस्तर लिहिले : सपत्नीक पहिल्या वर्गाची विमान तिकिटे, उत्तम हॉटेले, हजार डॉलर मानधन. आपल्या बोलण्याचा वेगळाच उपयोग झाला, अशी तक्रार काही वैज्ञानिकांनी त्यात केली.

तोवर दावा जगभर पोचला होता. एप्रिल २००० मध्ये शिकागोत मुंबईच्या एका वैद्यकीय पदवीधर धर्मप्रचारकाचा आणि फ्रेंच डॉक्टरला उत्तर लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती डॉक्टरचा जाहीर वाद झाला. अलका आणि जळू त्यातही होतेच. ध्वनिचित्रफिती भारतात घरोघरी गेल्या. २०११ मध्ये डब्लिनमध्ये नास्तिकांच्या अधिवेशनाबाहेर एका जीवशास्त्रज्ञाशी मुस्लिम प्रचारकांची रस्त्यावरच चकमक झाली. त्यांच्यापैकी ज्या ब्रिटिश वक्त्याने या विषयावर दीर्घ निबंध लिहिला होता, त्यानेच पुढे दोन वर्षांत वैज्ञानिक चमत्काराची ही मांडणी सोडली आणि तसे जाहीर लिहिले. ते त्याने धर्म न सोडता केले, याचे मला विशेष मोल वाटते. शारजात शिकवणारे एक अल्जीरियन खगोलशास्त्रज्ञही श्रद्धावान राहूनच या पद्धतीवर कडक टीका करत आले आहेत.

आजही या वादाचे जे पडसाद खऱ्या अर्थाने माणसांच्या आयुष्यात उमटतात, ते एका हदीसमुळे. चाळीस दिवस थेंब, तितकेच अलका, तितकेच मुद्गा आणि मग देवदूत येऊन रूह म्हणजे आत्मा फुंकतो, असे तिचे प्रचलित वाचन. एकूण १२० दिवस. विज्ञानाशी हे जुळत नाही, कारण या हिशोबाने जो तोवर गोळाच असायला हवा, तो १२० दिवसांचा गर्भ हातपाय हलवत असतो. म्हणून येमेनी धर्मोपदेशक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या एका हदीसचा आधार घेऊन तिन्ही टप्पे पहिल्या चाळीस दिवसांत बसवले. पण गर्भपाताविषयीच्या धर्मनियमांत अनेक पंथांनी १२० दिवसांची मर्यादा धरलेली आहे. १९९० मध्ये मक्केतल्याच धर्मशास्त्र मंडळाने गर्भात गंभीर व्यंग असल्यास १२० दिवसांपूर्वी गर्भपाताला मुभा दिली, ती जुन्या हिशोबाने. इराणच्या २००५ च्या उपचारात्मक गर्भपात कायद्यातही चार महिन्यांचीच मर्यादा होती.