मुरलेले तेलकट डाग

कपड्यावर पडून बरेच दिवस राहिलेला, तसाच धुण्यात गेलेला किंवा इस्त्रीखाली सापडलेला तेल, तूप वा ग्रीस यांचा डाग. ताजा डाग साबणाने निघतो, मुरलेला सहसा नाही. हवेतील प्राणवायू शोषून तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि धाग्यावर पिवळट, चिवट पापुद्रा धरतो. जवसाच्या तेलाचा रंग भिंतीवर वाळतो तो याच क्रियेने. उष्णतेने ही क्रिया झपाट्याने होते, म्हणून डाग बिघडवणाऱ्या गोष्टींत इस्त्रीचा क्रमांक पहिला.

सगळी तेले सारखी मुरत नाहीत. माळव्यात घरोघरी वापरले जाणारे सोयाबीन तेल या बाबतीत वाईट: त्यातील सुमारे निम्मा भाग लिनोलेइक आम्लाचा, म्हणजे प्राणवायू लवकर शोषणाऱ्या मेदाम्लाचा, असतो व ते लवकर चिकटते. शेंगदाणा तेल सावकाश मुरते. तुपात संपृक्त मेद जास्त असल्याने निरांजनातून पदरावर सांडलेले तूप काही महिन्यांनीही बऱ्यापैकी सुटते. इंदूरच्या सराफ्यातील रात्रीच्या खाऊगल्लीत हिवाळ्यात मिळणारे गराडू (तळलेला कंद) किंवा कचोरी यांचे डाग तळणीच्या तेलाचे, म्हणजे कढईत आधीच तापून घट्ट झालेल्या तेलाचे असतात. ते दोन दिवसांतच हट्टी होतात.

डागात बहुधा तीन गोष्टी असतात: तेल, रंग (हळद, तिखट, जुन्या तेलाचा पिवळेपणा) आणि तेलाला चिकटलेली धूळ. त्या याच क्रमाने काढाव्या लागतात. तेल असेपर्यंत रंगावर टाकलेले ब्लीच वाया जाते व धागा मात्र कमजोर होतो. तेल शिल्लक आहे का हे पाहण्यासाठी कोरड्या कपड्यावर पाण्याचा थेंब टाकावा. आजूबाजूला थेंब लगेच शोषला जातो आणि डागावर मण्यासारखा उभा राहतो, तर तेल आहे. ही परीक्षा सुती कापडावर चांगली चालते. टेरिकॉटवर कापड उजेडासमोर धरून पाहावे.

सुती कपड्याची रीत. कपडा कोरडाच ठेवावा; ओला केल्यास धाग्यातील पाणी साबणाला तेलापर्यंत पोचू देत नाही, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. रुपयाएवढ्या डागावर भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे ४–५ थेंब, पाणी न मिसळता, घालावेत. मऊ टूथब्रशने कडेकडून आत चोळून २०–३० मिनिटे ठेवावे. डाग फार जुना असेल तर त्याआधी खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळून तासभर थांबावे: नवे तेल जुन्या थराला सैल करते व साबण दोन्ही उचलतो. मग सुमारे ६० अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात डिटर्जंट घालून अर्धा तास भिजवावे. उकळते व नळाचे पाणी समभाग मिसळले की साधारण एवढे तापमान मिळते. पांढऱ्या सुतीसाठी या पाण्यात लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालता येतो. परिटांची जुनी भट्टी याच तत्त्वावर चालत असे, क्षार आणि वाफ. रंगीत कपड्याच्या आतल्या शिवणीवर आधी रंग उतरतो का ते पाहावे.

धुतल्यावर सावलीत वाळवून मगच निकाल पाहावा, कारण ओल्या कापडात डाग दिसत नाही. शिल्लक असल्यास सारे पुन्हा करावे. दोन-तीन फेऱ्या लागणे नेहमीचेच. डाग असताना खळ देऊ नये.

पोह्यांचा डाग म्हणजे तेल अधिक हळद. साबण लागताच पिवळा डाग लालसर होतो व लोक घाबरतात. हळदीतील कर्क्युमिन क्षारात लाल होते एवढाच त्याचा अर्थ. भरपूर पाण्यात खंगाळले की पिवळेपणा परततो. कर्क्युमिन उन्हात उडते, पण तेल उन्हात अधिक मुरते. म्हणून आधी तेल पूर्ण काढावे, नंतरच कपडा उन्हात घालावा. ही अदलाबदल झाली तर हळद जाते आणि तेलाचा तांबूस ठसा राहतो. तेल गेल्यावर उरलेल्या पिवळेपणासाठी पांढऱ्या सुतीवर ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड चालते.

टेरिकॉट व पॉलिएस्टर ही कापडे तेलाला धरून ठेवतात आणि पाणी दूर लोटतात, त्यामुळे त्यांवरील डाग सुतीपेक्षा हट्टी. तेथे पाणी ४०–४५ अंशांचे (एक भाग उकळते, तीन भाग नळाचे) आणि साबणाचा वेळ दुप्पट ठेवावा.

रेशीम, आणि इंदूरच्या मराठी घरांत हमखास असणाऱ्या रेशमी ताण्याच्या महेश्वरी साड्या, यांना वरील रीत लावू नये. सोडा, पेरॉक्साइड व एन्झाइमयुक्त पावडर रेशमाला अपायकारक आहे; पावडरीतील प्रोटिएज हे एन्झाइम रेशमाचा प्रथिनाचा धागाच खाते. तुपाचा डाग दोन टीपकागदांमध्ये ठेवून वरून अगदी कोमट इस्त्री फिरवावी; तूप वितळून कागदात उतरते. इस्त्रीची बंदी मोडण्याची हीच एक जागा. त्यानंतर रिठ्याच्या गार पाण्यात हलक्या हाताने धुवावे, पिळू नये. जरीच्या काठावरचा डाग घरी न छेडता ड्रायक्लीनला द्यावा व तो कशाचा, किती जुना हे सांगावे.

यंत्राचे ग्रीस निराळे. ग्रीस म्हणजे तेलात घोटलेला धातूचा साबण, त्यात काजळी आणि लोखंडाचा कीस. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांतील गणवेश असोत की सायकलच्या चेनमध्ये अडकलेला पायजमा, काळेपणा रंगाचा नसून कणांचा असतो, म्हणून ब्लीचने जात नाही. उलट लोखंडी कीस गंजून तपकिरी ठिपके उठतात. डागाची बाजू खाली करून जुन्या पांढऱ्या फडक्यावर ठेवावी आणि मागून टर्पेंटाइनच्या बोळ्याने टिपावे, घासू नये. खालचे फडके सतत बदलावे, नाहीतर विरघळलेले तेल कडेला जाऊन गोल वलय उमटते. हे काम उघड्यावर, गॅस-शेगडीपासून दूर करावे. वास पूर्ण गेल्याशिवाय कपडा मशीनमध्ये टाकू नये, आगीचा धोका असतो. पेट्रोल वापरूच नये.

पाण्याचाही फरक पडतो. बोरिंगच्या जड पाण्यात साध्या साबणाच्या वडीचा फेस न होता कॅल्शियमचा चिकट साका बनतो व तोच डागावर बसून करडा थर देतो. अशा पाण्यात डिटर्जंट वापरावे, किंवा भिजवण्यापुरते इंदूरला नळाने येणारे नर्मदेचे पाणी बाजूला भरून ठेवावे.