गाडी चढावरच का बसते? लो-व्होल्टेज कट-ऑफमागची गोष्ट

व्होल्टेज फार पडलं की पुरवठा तोडायचा, हे तत्त्व निपाणी-खानापूरकडच्या शेतकऱ्याला जुनंच आहे. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. लाइन फार डाऊन झाली की कॉइलची पकड सुटते, खटका पडतो, मोटार बंद. नाहीतर मोटार जादा करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. इलेक्ट्रिक स्कूटरच्या कंट्रोलरमधला, म्हणजे मोटारीला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या डब्यातला, लो-व्होल्टेज कट-ऑफ याच घराण्यातला. फरक एवढाच, की इथं आधी वाचवायची असते ती बॅटरी.

कट-ऑफचा आकडा आला लेड-ॲसिड बॅटरीतून. 1859 साली गास्तों प्लांते यांनी ती बनवली. तिचा एक सेल 2 व्होल्टचा. तो वारंवार 1.75 च्या खाली नेला आणि तसाच ठेवला, तर प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर धरतो आणि चार्जिंगनं तो निघत नाही. 2001 मध्ये बंगळुरात आलेल्या रेवा मोटारीत 6 व्होल्टच्या आठ बॅटऱ्या होत्या. नंतरच्या स्कूटरींत 12 च्या चार बसल्या. दोन्हीकडं सेल 24. चोवीस गुणिले 1.75, म्हणजे 42. स्वस्त 48 व्होल्टच्या कंट्रोलरांत कट-ऑफ याच आकड्याच्या आसपास ठेवलेला असतो.

खरी अडचण पुढं आहे. कंट्रोलरला फक्त बेरीज दिसते. तीन बॅटऱ्या 11 व्होल्टवर आणि चौथी 9 वर असेल, तरी बेरीज 42 च. चौथी मरत असते आणि कंट्रोलरच्या लेखी सगळं ठीक.

बेळगावात कपिलेश्वर उड्डाणपुलाचा चढ लागला की करंट वाढतो, बॅटरीच्या अंतर्गत रोधामुळं व्होल्टेज खाली येतं आणि जुनी गाडी मध्येच बसते. दहा मिनिटं थांबून चावी फिरवली की पुन्हा चालते. ‘जरा विश्रांती दिली की जाते’ असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. माझ्या मते बॅटऱ्या अकाली जातात त्या याच सवयीनं. लोड नसताना वर आलेलं व्होल्टेज म्हणजे भरलेली बॅटरी नव्हे. म्हणूनच चांगल्या कंट्रोलरांत पुन्हा सुरू होण्याचा आकडा बंद होण्याच्या आकड्यापेक्षा वर ठेवतात.

लिथियम-आयन सेल 1991 साली सोनीनं बाजारात आणले. ते फारच खाली नेले तर आतल्या ऋण बाजूचं तांबं विरघळू लागतं, आणि मग चार्ज करताना आतच शॉर्ट होण्याची भीती. इथं बेरजेवर भागत नाही. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) लागते. 2022 मध्ये देशात स्कूटरींना आगी लागल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-156 हे नियम त्याच डिसेंबरपासून कडक झाले.

मग कंट्रोलरचा जुना कट-ऑफ कशाला? बीएमएस वीज तोडते ती एका झटक्यात. रात्री तवंदी घाटात, मागं ट्रक असताना असं झालं तर बहुतेक गाड्यांचा दिवाही जातो. चांगल्या कंट्रोलरची मर्यादा बीएमएसच्या थोडी वर असली, तर पिकअप हळूहळू उतरतो आणि गाडी कडेला घ्यायला वेळ मिळतो.